रविवारच्या मराठी वर्गासाठी ऑनलाइन स्वयंचाचणी कशी बांधायची

इंदुरात मराठी शिकणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या घरांतली मुलं हा पहिला. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. आजीचं बोलणं सगळं कळतं, पण तोंडातून उत्तर हिंदीत निघतं. दुसरा गट मराठी घरात आलेल्या हिंदीभाषक सुना-जावयांचा. त्यांना देवनागरी उत्तम वाचता येते, निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, आणि नेमके तिथेच ते फसतात. दोन्ही गटांना वर्ग मिळतो आठवड्यातून एकदा, तासभर. मधल्या सहा दिवसांत आपल्याला काय येतं आणि काय नाही, हे शिकणाऱ्याला स्वतःचं स्वतः तपासता यावं, यासाठी स्वयंचाचणी.

ही परीक्षा नव्हे, हे बांधणाऱ्याने आधी पक्कं धरावं. गुण कुणाला दाखवायचे नाहीत, नक्कल केली तर नुकसान नक्कल करणाऱ्याचंच. म्हणून घड्याळ लावणं, एकदाच सोडवू देणं, पाळत ठेवणं यात वेळ घालवू नका. तो सगळा वेळ दोन ठिकाणी द्या: चुकीचे पर्याय लिहिण्यात आणि उत्तरानंतरचा शेरा लिहिण्यात. नवखे लोक नेमकं उलटं करतात. प्रश्न तासाभरात लिहून होतात, पर्याय सुचतील ते टाकले जातात, आणि शेऱ्याच्या जागी ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ येतं.

आधी चुकांची वही

प्रश्न लिहायला बसण्याआधी दोन आठवडे नुसत्या चुका गोळा करा. वर्गात, गृहपाठात, व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये जे कानावर येईल ते न सुधारता, जसंच्या तसं लिहून ठेवा. शेजारी बरोबर रूप, आणि चूक कशातून आली असावी ते चार शब्दांत. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की त्यांचे गट दिसू लागतात. हिंदीतून येणाऱ्यांच्या वहीत साधारण हे सापडतं.

लिंगाच्या चुका सगळ्यात जास्त. ‘चहा झाली का?’, ‘माझी पुस्तक’, ‘तिची आवाज’, ‘तो व्यक्ती’. हिंदीत चाय, पुस्तक, आवाज स्त्रीलिंगी आणि व्यक्ती पुल्लिंगी. शिकणारा तेच उचलून आणतो. शिवाय हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, त्यामुळे नळाला ‘पाणी आला’ आणि ‘दही आंबट झाला’.

मग दिसायला सारखे, अर्थाने वेगळे शब्द: शिक्षा, खाली, सही, चेष्टा, संसार, राग, प्रकृती. हिंदीभाषक सुनेला ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको वाटते, म्हणून नवऱ्याच्या बहिणीला सगळे ताई का म्हणतात हे तिला पहिले काही दिवस उमगत नाही.

‘मैंने’वरून ‘मीने पोहे खाल्ले’ येतं. त्याने, तिने बरोबर. पण ‘मी’ आणि ‘तू’ला तो ‘ने’ लागत नाही, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि ‘हम’ एकच असल्यामुळे आपण आणि आम्ही यांची सरमिसळ होते.

एक गट मात्र जपून हाताळायचा. ‘तो जेवून राहिला आहे’ हे इथल्या घरांत सर्रास ऐकू येतं, विदर्भातही येतं. मुलाने ते आजोबांकडून उचललेलं असतं. चाचणीत त्यावर लाल फुली मारली की मुलाला कळतं एवढंच, की आजोबांना मराठी येत नाही. अशी घरची रूपं बरोबर-चूकच्या प्रश्नात घालूच नका. घालायचीच असतील तर प्रश्नात प्रसंग सांगा: ‘पुण्याच्या मावसभावाला पत्र लिहायचं आहे. कोणतं वाक्य लिहाल?’ ‘ती म्हणाली’ आणि ‘ती बोलली’ यांचंही तसंच. ज्यावर मराठी माणसांचंच एकमत नाही, त्यावर दहा वर्षांच्या मुलाचे गुण कापायचे कशाला?

एका चाचणीत एकच गोष्ट

वहीतला एक गट म्हणजे एक चाचणी. आठ ते दहा प्रश्न, फोनवर सात-आठ मिनिटांत संपणारे. पंचवीस प्रश्नांची सरमिसळ चाचणी सोडवून ‘२५ पैकी १६’ मिळाले, तर सोमवारी काय वाचायचं हे शिकणाऱ्याला कळत नाही. ‘चहा झाला की झाली?’ या चाचणीत १० पैकी ४ मिळाले, तर कळतं.

बांधायला घेण्याआधी एक वाक्य लिहा: ही सोडवल्यावर शिकणाऱ्याला काय जमतं ते कळेल. ‘लिंग समजतं’ हे मोजता येत नाही. ‘घरातल्या वीस वस्तूंना माझा, माझी, माझं बरोबर लावता येतं’ हे येतं. वाक्यातली क्रिया डोळ्यांनी दिसणारी हवी.

एक प्रश्न जवळून

‘खाली’ हा शब्द घेऊ. पहिला खर्डा बहुतेक असा होतो:

‘खाली’ या शब्दाचा अर्थ काय? (अ) रिकामा (ब) नीचे (क) हत्ती (ड) वरीलपैकी सर्व

यात चार खोट आहेत. ‘हत्ती’ ही कुणाचीच चूक नाही, म्हणून तो पर्याय मेलेला. चार पर्याय दिसतात, प्रत्यक्षात तीनच. ‘वरीलपैकी सर्व’ हा आळसाचा पर्याय आहे, शिवाय पर्यायांचा क्रम आपोआप बदलायची सोय चालू असेल तर तो कधी कधी सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. बरोबर उत्तर हिंदीत लिहिलंय. आणि मुळात विचारलाय शब्दकोशातला अर्थ. तो पाठ असलेला मुलगाही स्वयंपाकघरात गोंधळतोच.

आता दुसरा खर्डा:

आई म्हणाली, ‘शेवेचा डबा खाली आहे.’ हे ऐकून सोनू काय करेल?
(अ) डब्यात शेव भरायला घेईल
(ब) वाकून ओट्याखाली बघेल
(क) स्टूल घेऊन वरच्या फळीवर बघेल

(अ) निवडणारा हिंदी अर्थाने वाचतोय. (क) निवडणाऱ्याला शब्द जागेबद्दलचा आहे हे कळलंय, पण वर-खालीची अदलाबदल झाली आहे. म्हणजे प्रत्येक चुकीचा पर्याय शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतो. पर्यायाची कसोटी हीच: तो कोण निवडेल, आणि का? याचं उत्तर वहीत सापडत नसेल तर पर्याय काढून टाका. तीन चांगले पर्याय पुरतात. चौथा ओढूनताणून आणू नये.

तिन्ही पर्यायांची लांबी आणि वळण सारखं ठेवलंय, हेही पाहा. नवखे लोक बरोबर उत्तर सगळ्यांत लांब आणि काळजीपूर्वक लिहितात. मुलं तिसऱ्या प्रश्नापर्यंत ते ओळखतात आणि पुढे न वाचता लांब पर्यायावर टिचकी मारतात. प्रश्नातल्या व्याकरणानेही उत्तर फुटतं. ‘सरलाला कोणती ___ आवडते?’ याखाली दोन पुल्लिंगी आणि एकच स्त्रीलिंगी शब्द ठेवला, तर शब्दाचा अर्थ न कळताही उत्तर येतं.

आपण-आम्हीसाठी प्रसंग हवाच, त्याशिवाय दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. ‘आजी मावशीला म्हणते, तू पण चल, ___ सगळे सराफ्यात जाऊ.’ इथे मावशी धरलेली आहे, म्हणून ‘आपण’. नुसतं ‘___ सराफ्यात जाऊ’ असं दिलं तर प्रश्नच चुकलेला.

शेरा

प्रत्येक पर्यायाला वेगळा शेरा लिहिता आला तर उत्तम. ‘खाली’च्या (अ)साठी असा: ‘तू हिंदीतलं खाली घेतलंस. मराठीत त्याला रिकामा म्हणतात. आता भर: डबा ___ आहे, म्हणून तो ओट्याच्या ___ ठेवलाय.’ दोन-तीन छोटी वाक्यं, गैरसमजाचं नाव, आणि लगेच एक छोटा प्रयत्न. त्याहून लांब शेरा फोनवर कुणी वाचत नाही.

बरोबर उत्तरालाही शेरा द्या, कारण बरोबर उत्तर अंदाजानेही येतं. मुलांसाठीच्या चाचणीत ‘तू’, सुना-जावयांच्या चाचणीत ‘तुम्ही’. एकच फॉर्म दोघांना पाठवायचा असेल तर शेरे ‘इथे हिंदीतला अर्थ घेतला गेला’ अशा बिनकर्त्याच्या वाक्यात लिहा.

अंदाजाचं गणित

चूक की बरोबर अशा दोन पर्यायांच्या दहा प्रश्नांत नुसतं नाणं उडवून ७ किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. तीन पर्याय दिले की ती सुमारे २ टक्क्यांवर येते. म्हणून दोन पर्यायांचे प्रश्न टाळा, आणि तीनच्या चाचणीत ‘८ किंवा जास्त म्हणजे जमलं’ ही रेघ ठेवा.

याहून उपयोगी युक्ती म्हणजे खात्री विचारणं. दोन-तीन महत्त्वाच्या प्रश्नांखाली बिनगुणांचा जोडप्रश्न द्या: पक्कं माहीत / बहुतेक / अंदाज. ‘पक्कं माहीत’ म्हणून चुकलेलं उत्तर हे शिकवणाऱ्यासाठी सोनं. ती रुजलेली चूक असते. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या मोफत प्रणालीत ही पद्धत आयती आहे. तिथे खात्रीच्या तीन पायऱ्यांना बरोबर असल्यास १, २, ३ गुण, आणि चुकल्यास ०, उणे २, उणे ६. उणे ६ बघून लहान मुलं रडकुंडीला येतात, म्हणून मोठ्यांच्या गटातच वापरा.

टाइप करायला लावण्याआधी

‘रिकामी जागा टाइप करून भरा’ हा प्रकार आकर्षक दिसतो आणि देवनागरीत सगळ्यात जास्त दगा देतो. संगणक अक्षरं बघत नाही, त्यामागचे कोड बघतो. ‘दुःख’मधला विसर्ग कुणी कोलनने टाइप केला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण उत्तर चूक. ‘ॲप’चा ‘ॲ’ एका अक्षरानेही येतो आणि अ वर चंद्र चढवूनही. ‘दुसऱ्या’ दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, आणि हिंदी कळफलकावर त्याचा ‘दुसर्या’ होऊन बसतो. इंदुरात निम्म्याहून जास्त फोनवर हिंदी कळफलकच असणार, हे धरून चाला. ‘ळ’सुद्धा शोधावा लागतो. त्यात केलं-केले, १०-दहा, शेवटी पडलेली मोकळी जागा.

टाइप करून घ्यायचंच असेल तर उत्तर एका शब्दाचं ठेवा, जोडाक्षर-विसर्ग नसलेलं, आणि उत्तरसूचीत सगळी ग्राह्य रूपं भरा. केलं आणि केले दोन्ही. नाहीतर तेच कौशल्य पर्यायांतून तपासा. शुद्धलेखन हाच विषय असेल तेव्हाच टंकलेखन.

‘ळ’ आणि ‘ल’साठी ऐकण्याचा प्रश्न लागतो: काळ-काल, वेळ-वेल, माळ-माल. गूगल फॉर्म्समध्ये आवाजाची फाइल थेट जोडता येत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, एका स्थिर चित्रावर व्हिडिओ करून यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (फक्त दुवा असलेल्यांना दिसणारा) म्हणून चढवा आणि तो फॉर्ममध्ये टाका. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर, शब्द दोनदा, मध्ये दोन सेकंद. व्हिडिओच्या नावात उत्तर लिहू नका. ही चूक फार होते.

फॉर्म बांधताना

सुरुवातीला गूगल फॉर्म्स पुरतं. नवा फॉर्म उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मेक धिस अ क्विझ’ चालू करा. गुण ‘सबमिट केल्यावर लगेच’ दाखवायचे, चुकलेले प्रश्न आणि बरोबर उत्तरं दिसू द्यायची. ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ बंद; ते चालू असेल तर लॉगिन मागितलं जातं आणि पुन्हा सोडवता येत नाही. नंतर प्रत्येक प्रश्नाच्या ‘आन्सर की’मध्ये बरोबर उत्तर, गुण आणि शेरा भरा. गुण भरायचा राहिला तर तो प्रश्न ० गुणांचा राहतो आणि सगळं बरोबर सोडवणाऱ्याला १० पैकी १० नव्हे, ९ पैकी ९ दिसतात.

फॉर्म्समध्ये एका प्रश्नाला शेरे दोनच: बरोबरसाठी एक, चुकीसाठी एक. म्हणून चुकीच्या शेऱ्यात दोन्ही गैरसमज ओळीने घ्या. शिवाय शेरे शेवटी, सबमिट केल्यावर ‘व्ह्यू स्कोअर’ दाबलं तरच दिसतात. बरेच जण ते दाबतच नाहीत! ‘कन्फर्मेशन मेसेज’मध्ये लिहा: ‘खालचं व्ह्यू स्कोअर दाबा, चुकलेल्या प्रश्नाखालचं वाचा.’ गुणांप्रमाणे बदलणारा संदेश इथे देता येत नाही, म्हणून त्याच मेसेजमध्ये तिन्ही पट्टे लिहून टाका: ८ ते १० असेल तर पुढची चाचणी, ५ ते ७ असेल तर चुकलेले शब्द वहीत लिहून तीन दिवसांनी ही परत, त्याखाली असेल तर आधी धडा, मग चाचणी. ‘नापास’ हा शब्द कुठेही नको.

एकाहून जास्त उत्तरं निवडायच्या चौकटींचा प्रश्न फॉर्म्समध्ये सगळी बरोबर निवडली तरच गुण देतो; तीनपैकी दोन बरोबर म्हणजे शून्य. जाळीचा (ग्रिड) प्रश्न फोनवर आडवा सरकवावा लागतो, उजवीकडचे रकाने दिसतच नाहीत. दोन्ही टाळा.

उत्तरागणिक लगेच शेरा हवा असेल तर एकेका प्रश्नाला वेगळा विभाग करून ‘उत्तरानुसार विभागाकडे जा’ ही सोय वापरता येते, पण दहा प्रश्नांना वीस-तीस विभाग होतात आणि एक दुवा चुकला की माणूस गोल फिरत राहतो. तितकी गरज असेल तर मूडलकडे किंवा एचफाइव्हपी (H5P) या सरावप्रश्न बनवायच्या साधनाकडे वळलेलं बरं. तिथे पर्यायागणिक शेरा आणि पुन्हा प्रयत्न आयते मिळतात.

नाव, शाळा, फोन नंबर मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे मुलांत मोडतात आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. स्वयंचाचणीला टोपणनाव पुरतं: ‘गराडू’, ‘जिलेबी’, काहीही. पुढच्या वेळी तेच वापर, एवढं सांगा.

पाठवण्याआधी, पाठवल्यानंतर

आधी पाच जणांना समोर बसवून सोडवायला द्या, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, आणि मोठ्याने विचार करायला सांगा. मध्ये बोलू नका. जिथे ते प्रश्न दुसऱ्यांदा वाचतात, तिथे शब्दरचना बिघडलेली आहे. बरोबर उत्तर देऊन चुकीचं कारण सांगतात, तिथे पर्याय बदलायचे. पाच जणांत मोठ्या चुका बाहेर येतात.

तीसेक जणांनी सोडवली की उत्तरं गूगल शीट्समध्ये घ्या. प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढा. पहिला सोपेपणाचा: ३० पैकी २१ बरोबर म्हणजे ०.७०. ०.९ च्या वरचा प्रश्न काही शिकवत नाही. एखादा सुरुवातीला धीर यावा म्हणून ठेवा, बाकीचे काढा. ०.३५ च्या खाली गेला तर आधी उत्तरसूची तपासा, शिकणाऱ्यांना दोष नंतर.

दुसरा आकडा प्रश्न माणसं वेगळी करतो का, ते सांगतो. एकूण गुणांनी क्रम लावा, वरचे १० आणि खालचे १० घ्या. वरच्यांत ९ जणांचं बरोबर, खालच्यांत ४ जणांचं, तर (९ − ४) ÷ १० = ०.५; प्रश्न चांगला. ०.२ च्या खाली संशयास्पद. उणे आला, म्हणजे ज्यांना येतं तेच चुकताहेत: बहुतेक वेळा दोन उत्तरं बरोबर असतात, किंवा जाणकाराला सुचणारा बारकावा लिहिणाऱ्याला सुचलेला नसतो. ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येतं, हे विसरून लिहिलेला प्रश्न असाच उणे जातो. तीस हा आकडा लहान आहे, म्हणून ०.३ आणि ०.४ यांतल्या फरकावर डोकं खपवू नका. ठळक तेवढं बघा. आणि एकाच मुलाने तीनदा सोडवलं असेल तर हिशेबात फक्त पहिली खेप धरा. टोपणनाव इथे कामी येतं.

शेवटी प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. तिसांत एकानेही न निवडलेला पर्याय बदलायचा. नवा आणायला पुन्हा चुकांची वही.

एकाच चाचणीची तीच तीच दहा वाक्यं तिसऱ्या खेपेला पाठ होतात. गूगल फॉर्म्स साठ्यातून प्रश्न उचलून देत नाही, म्हणून एका कौशल्याचे तीस प्रश्न करून अ, ब, क असे तीन फॉर्म ठेवा: अ वर्गानंतर, ब तीन दिवसांनी, क पंधरवड्याने. ‘चहा’ अमध्ये ओट्यावर उकळतोय, बमध्ये पाहुण्यांपुढे आलाय, कमध्ये सांडलाय. शब्द तोच, वाक्य नवं. सगळे प्रश्न एका शीटमध्ये ठेवा, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: कोणत्या चुकीतून आला, कधी बदलला, का काढला. तिसरा रकाना भरला नाही, तर वर्षभराने दुसरा कुणी स्वयंसेवक तोच ‘हत्ती’ पुन्हा आणून ठेवतो.